अंगठ्याची दोरी

रांगतं पोर उंबऱ्यावरून रस्त्याकडे निघालेलं दिसलं आणि बायडाबाई ताडकन उठली. पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली आहे, हे ती साफ विसरली.

शाहूपुरीतल्या त्या पाळणाघराची रीतच तशी होती. मालकीण दानेश्वरीवहिनींनी ती पहिल्याच दिवशी शिकवली होती. पायाने पाळणा हलवायचा, मांडीवरच्याला पेज भरवायची आणि रांगणाऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. एका बाईत तिघींचं काम निघालं की मालकिणीला कोण आनंद होतो!

दोरी ताणली, पाळणा करकरला आणि बायडाबाई आडवी झाली. पडता पडता तिने अंग वळवलं आणि पेज भरवता भरवता काखेत उचललेला मांडीवरचा सोमेश वरच्या वर धरला. त्याला सोडायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. सगळा भार उजव्या मनगटावर आला. आत काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं.

वहिनी धावत आल्या. उंबऱ्यावरच्या पोराला आत ओढलं, सोमेशचं डोकं चाचपलं आणि कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून त्याच्या आईला बँकेत फोन लावला. आईने येऊन लेकराला उघडं करून उलटंपालटं पाहिलं. साधा ओरखडा नव्हता. जीव भांड्यात पडल्यावर मग तिला राग आला. पेज सांडून नवं झबलं खराब झालं होतं. ही बाई बदला, असं वहिनींना बजावून ती पोराला घेऊन गेली. फरशीवर बसलेल्या बाईकडे तिने पाहिलंही नाही.

मनगट एव्हाना टम्म फुगलं होतं. बोटं हलत नव्हती. बायडाबाईला हाताची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त कामाची. मोडक्या हाताला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

"वैनी, हाड गेलंय वाटतंय. दवाखान्यात जाऊन येऊ का?"

"पोरांच्या आया सांजंला येत्यात. तवर ह्यास्नी कोण बघणार, मी?"

पाळण्यातली पोर रडून लाल झाली होती. बायडाबाई उठू लागली, तसं वहिनींनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. निदान पाणी तरी देतील, असं त्या बिचारीला वाटलं. वहिनी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. सुटलेली दोरी घेतली आणि तिच्या अंगठ्याला पुन्हा बांधली, या वेळी जरा घट्टच.

"हात मोडलाय न्हवं," त्या म्हणाल्या. "पाय हाय की."

बायडाबाईचा पाय हलू लागला.