पूल मंजूर

माझं माहेर कोकणात, खाडीच्या पलीकडे. होडीशिवाय वाट नाही, आणि आठ महिन्यांच्या मुक्ताला घेऊन त्या डुगडुगत्या होडीत बसायचा मला धीर होत नाही. आईचे गुडघे गेलेत, तिलाही होडीत चढवत नाही. त्यामुळे आजीने नात अजून मोबाइलवरच पाहिली आहे.

यंदा राज्याच्या अर्थसंकल्पात आमच्या खाडीवरच्या पुलाला निधी मिळाला. पुण्यात वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या नवऱ्याला, शौनकला, मी आनंदाने फोन केला.

"वा! म्हणजे मुक्ता बारावीच्या सुट्टीत आजोळी जाणार तर," तो म्हणाला.

याला चांगलं बोलताच येत नाही, असं पुटपुटत मी बाबांना फोन लावला.

"झाला ना गं मंजूर!" बाबा म्हणाले. "काचेचा आहे. पर्यटन वाढवायचंय ना! तुमच्या बाजूने निघायचं, खाडीच्या मध्यापर्यंत जायचं, सूर्यास्त बघायचा आणि मागे फिरायचं."

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.



"तिला म्हणावं, मुक्ताला घेऊन त्या टोकाला उभी राहा. आणि तिला लाल फ्रॉक घाल, म्हणजे मला इकडून ओळखू येईल."