चाळीस पावलं

आमच्या कारखान्यात काँक्रीटच्या अख्ख्या भिंती साच्यात ओततात. इमारतीच्या जागी नेऊन नुसत्या जोडायच्या. भिंत उचलायचे हूक मी बसवायचो. कोठीतून ते आणायचा माझा दादा, दुखरा गुडघा ओढत, दर खेपेला चाळीस पावलं. “कामात काय वाया जातंय, तुम्हीच सुचवा,” नवे साहेब म्हणाले. दादाचे हाल बघवेनात, म्हणून मी चिठ्ठी टाकली: हुकांची पेटी साच्यावरच टांगा. साहेब खूश! माझा फोटो फळ्यावर लागला. सगळ्यांत जोरात टाळ्या दादानेच वाजवल्या. आठवड्याने साहेबांनी दादाला कमी केलं. आणायचं काही उरलं नाही, मग आणणारा कशाला? “रडतोस काय वेड्या? गुडघ्याला आराम मिळाला ना!” म्हणत त्याने आपले हातमोजे माझ्या हातात ठेवले. आज तेच घालून उभा राहिलो. हूक नाकासमोर लटकत होते. तरी हात मागे करून ओरडलोच, “दादा, हूक!”