दिवस वर गेले

सुनेची पाळी लांबल्याचं कळताच सासूबाईंनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला. जन्मात स्वतःचा कप न विसळलेला नवरा भांडी घासायला उभा राहिला.

दवाखान्यात टेस्ट निगेटिव्ह आली. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पहाटे बेकरीत एक पाळी, घरी आल्यावर दुसरी पाळी. मग तिसरी कशी गं वेळेवर येणार? दगदगीनेसुद्धा दिवस वर जातात. आठवडाभर चांगला आराम कर."

घरी पोचते तोच सासूबाईंनी दारातच गाठलं. "काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

 

"पूर्ण आराम सांगितलाय, आई," आत येऊन सोफ्यावर ऐसपैस पाय पसरत सून म्हणाली, "आणि माझ्या चहात साखर जरा जास्त टाका."