दाताचे गहू

कप्तान शेवकेत शिपाई आणि खेचरं घेऊन शाळेच्या अंगणात शिरला तेव्हा गव्हाचा हंडा नुकताच चुलीवरून उतरला होता. टोळधाडीनंतरच्या त्या वसंतात लेबनॉनच्या डोंगरात शिजलेल्या गव्हाचा वास म्हणजे दवंडीच. अख्खी दरी वाडगी घेऊन दाराशी उभी होती.

"कोठीचं सील कुणी तोडलं?" त्यानं विचारलं.

"मी," शाळेच्या मुख्य लबीबाबाई म्हणाल्या.

कोठीतला गहू त्यानं परवाच मोजून लाखेनं बंद केला होता. लढाईवरच्या तुर्की फौजेसाठी तो आज न्यायचा होता. शेतकी शाळेच्या मुली गवतावर जगल्या काय, तुतीच्या पाल्यावर जगल्या काय, फौजेला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"का तोडलं?"

"बाळाला दात आला."

कप्तानाला वाटलं, बाई भुकेनं भ्रमिष्ट झाली. तेवढ्यात स्वयंपाकीण उम्म फारिस पुढं झाली. हिवाळ्यात तुतीखाली टाकलेली सापडलेली तान्ही नुहाद तिच्या कडेवर होती. तिनं पोरीचा खालचा ओठ बोटानं ओढला आणि तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक कप्तानाच्या नाकासमोर धरलं.

"बघा की नीट! आमच्यात पहिला दात दिसला की गहू शिजवतात. आणि दाराशी येईल त्याला देतात. नाही म्हणायचं नसतं."

"एका दातासाठी कोठीभर गहू?"

"एका दाताला ओंजळभर पुरतो, कप्तानसाहेब," लबीबाबाई म्हणाल्या. "पण यंदा या दरीत दात येईपर्यंत जगलेलं हे एकच लेकरू आहे. बाकीच्यांचे दात राहिले होते, तेही उरकून घेतले."

कप्तान अगदीच दगड नव्हता. दगड असता तर सोपं गेलं असतं. त्यानं बाईंना आत खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, याला फाशी आहे, ठाऊक आहे ना? आणि जाब मलाही द्यावा लागणार आहे." टेबलावर शाळेची रोजनिशी होती. त्यानं ती बाईंसमोर सरकवली. "वरचे साहेब या वहीवर विश्वास ठेवतात. लिहा, गव्हाला कीड लागली, जाळून टाकला. खाली मी शिक्का मारतो. तुम्ही सुटाल, मी सुटेन, शाळाही राहील."

लबीबाबाई घाबरल्या. उगाच शौर्याचा आव कशाला आणा? आपण गेलो तर या पोरींना खुरपं कोण धरायला लावणार, अक्षर कोण शिकवणार, हाच विचार आधी मनात आला. एक ओळ तर लिहायची होती. त्यांनी टाक उचलला आणि सवयीनं मागची पानं चाळली. लढाई सुरू झाल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. पाऊस, पेरणी, टोळ. फौजेनं नेलेले बैल. मग मुलींनीच ओढलेला नांगर. तापानं गेलेल्या पोरींची नावं, बापाच्या नावासकट, जिला बापाचं नाव ठाऊक होतं तिची.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

"काय नाही जमायचं? दोन शब्द आहेत!"

"गहू पोरींनी खाल्ला. कीड लागली असं लिहिलं तर मी कीड कुणाला म्हटलं, सांगा बरं?"

"डोकं चालवा, बाई!"

"चालवतेय. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा चालवतेय." त्यांनी वही उचलली, दौत उचलली आणि दार उघडून अंगणात आल्या. हंड्याजवळच्या ओट्यावर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली. "उम्म फारिस, वाढ. ज्याला वाढशील त्याला नाव सांगायला लाव. आज गहू कुणी खाल्ला ते मी लिहिणार आहे."

रांग पुढं सरकू लागली. म्हाताऱ्या हनीनेनं नाव सांगितलं. लोहाराच्या विधवेनं आपलं सांगितलं आणि कडेवरच्याचंही. कुणी कचरलं नाही. पोट भरत असताना कोण कचरतो? बाई भराभरा लिहीत होत्या.

"नाव?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दुरमुश. कोन्याचा," तोंडात घास असलेला आवाज आला.

बाईंनी वर पाहिलं. समोर फौजेचा शिपाई होता. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं खेचरं बांधून आलेला तिसरा. त्यांच्या चपला फाटक्या होत्या आणि गालफडं शाळेतल्या पोरींसारखीच बसलेली होती. उम्म फारिस त्यांनाही पळीभर वाढत होती. हात आखडता घेत नव्हती.

"दुरमुश, कोन्या," बाईंनी लिहिलं.

"ए! रांगेतून बाहेर!" कप्तान दारातून ओरडला.

दुरमुशनं मान डोलावली, पण चावणं काही थांबवलं नाही. बाकीचे दोघे जागचे हललेच नाहीत.

कप्तान ताडताड हंड्यापाशी आला. वही हिसकून घ्यायला त्यानं हात पुढं केला, आणि त्याच हातात उम्म फारिसनं गरम वाडगं ठेवलं. वर बडीशेप होती, चार मनुकेही होते. ते तिनं कुठून पैदा केले देव जाणे.

"दात आलेल्या घरून उपाशी जात नाहीत, बाळा," ती म्हणाली.

कप्तान त्या वाडग्याकडं बघत राहिला. मग शिपायांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून, तो खाऊ लागला. आधी हळू, मग भराभर.

लबीबाबाईंनी त्याला खाऊ दिलं. वाडगं निपटेपर्यंत थांबल्या. मग टाक दौतीत बुडवला.

"हुद्द्यासकट लिहू," त्यांनी विचारलं, "की नुसतं नाव?"