शेवटची लाल फुली

“कुठला नंबर टाकलात?”

ताई सर्व्हररूमच्या दारातच थांबल्या होत्या. हातातले रबरी मोजे काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

खुर्चीतला माणूस हसत वळला. कंप्युटरचं सगळं तोच बघायचा, म्हणून तपासणी केंद्रात त्याला सगळे सर्व्हरदादाच म्हणत.

“तुमचाच, ताई. झालं एकदाचं! आता पासवर्ड विसरलात तरी माझ्या नावानं बोंब मारायला नको. पोर्टलवर जायचं, मोबाइलवर कोड येतो, आपला आपण बदलून घ्यायचा.”

आठवडाभर तो त्या पोर्टलच्या मागे होता. आधीच्या सर्व्हरवर ते चढेना. मग त्याने नवी आवृत्ती घातली, वेबसर्व्हर बसवला, त्याला लागणारी बाकीची सॉफ्टवेअर एकेक करून टाकली, सुरक्षेचं सर्टिफिकेट मागवलं, मेसेज पाठवणारी सेवा जोडली. एकेक अट पुरी झाली की पडद्यावर हिरवी खूण यायची. शेवटची अट अगदी साधी होती. प्रत्येकाच्या खात्याला मोबाइल नंबर हवा. आणि तिथेच घोडं अडलं होतं. रक्त तपासणाऱ्या ताईंचा रकाना रिकामा होता. विचारलं की त्या “देते हं” म्हणायच्या आणि निघून जायच्या. शेवटी आज दुपारी त्याने मुख्य कार्यालयातली त्यांची जुनी माहिती उघडली, तिथला नंबर उचलला आणि टाकला. लाल फुली गेली.

“शेवटी सत्याहत्तर आहे का?” ताईंनी विचारलं.

“हो, बरोबर.”

त्यांनी दाराची चौकट धरली. “तो माझा नाही. ह्यांचा आहे. माझ्या नवऱ्याचा.”

“एवढंच ना? बदलून टाकू की.”

“मेसेज गेला का त्यावर?”

दादाने पडद्याकडे पाहिलं. “तो आपोआपच जातो.” मग त्यांचा चेहरा बघून त्याने तो वाचून दाखवला. त्यात ताईंचं पूर्ण नाव होतं, शाखेचं नाव होतं, गावाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, ही नोंद तुम्ही केली नसेल तर या क्रमांकावर फोन करा. आणि त्याच्याच टेबलावरच्या फोनचा नंबर.

ताई होत्या तिथेच स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं इथे कुणालाही न सांगितलेलं त्यांना आता सांगावंच लागलं. त्या तुटक बोलत होत्या. मनगट मोडलं होतं. मग खांद्याचं हाड. एक दिवस सकाळी त्या नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या. मुलगा तेव्हा तिसरीत होता, सासूबाईंनी त्याला आपल्याकडे नेऊन ठेवलं होतं. जुन्या शाखेतल्या मॅडमनी गुपचूप त्यांची इकडे बदली केली. नवरा तिथे जाऊन आरडाओरडा करत होता, तेव्हा त्याला नोकरी सोडली म्हणून सांगितलं. नंतर ताई एकदा शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून नवराच उभा होता. त्या समोरच्या फुटपाथवरून परत फिरल्या. तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या नावावर फोनच घेतला नव्हता.

दादाचं तोंड पांढरं पडलं. त्याने नंबर पुसला. पोर्टल बंद केलं. घाईघाईने सर्व्हरची वायरही ओढली. पण मेसेज पोचल्याची नोंद त्याआधीच पडली होती.

“पोलिसांत जाऊ, ताई. मी येतो बरोबर.”

“गेले होते. त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि माझ्यादेखत चहा पाजला.”

ताईंच्या डोक्यात वेगळाच हिशोब सुरू झाला होता. खोलीवर जायचं, बॅग भरायची. कुठली गाडी मिळेल? घरमालकिणीला काय सांगायचं? पुन्हा नवं गाव, नवी खोली, पुन्हा कुणी ओळख विचारली की तोंड फिरवायचं. त्या मोजे ओढून काढू लागल्या.

टेबलावरचा फोन वाजला.

त्याच्या छोट्या पट्टीवर नंबर उमटला. शेवटी सत्याहत्तर.

“उचलायचा नाही,” दादा कुजबुजला. वायर काढायला तो खाली वाकला, तेवढ्यात ताईंनी त्याचा हात धरला.

“नाही उचलला तर ते येतील. उचलला तरी येतील.” त्या उठल्या. “किती गावं बदलू मी?”

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

“हॅलो.”

तोच आवाज. जड, जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटी दाबल्यासारखा. ताईंनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट पकडली.

“हॅलो? मला एक मेसेज आलाय, त्यात हा नंबर आहे. कोण बोलतंय?”

“मी बोलतेय.” नवऱ्याला त्यांनी आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. “नीट ऐक. मी इथेच आहे, आणि इथून हलणार नाही. तू दारात पाऊल ठेवलंस ना, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. सगळ्या गावाला ओरडून सांगेन.”

पलीकडचा तोच जड आवाज एकाएकी फाटला.

“आई, फोन ठेवू नकोस. बाबांनी हे सिम केव्हाच फेकून दिलं होतं. मीच उचलून चालू ठेवलं. तुला आमचा दुसरा कुठलाच नंबर पाठ नव्हता ना.”