होडीचं ठिगळ

"खडकावर घातलीत?" मिस्त्रीने विचारलं.

"खडकच आडवा आला," जावई म्हणाला.

होडी शेडमध्ये आडवी करून ठेवली होती. पुढच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या खाली, डोकं आत जाईल एवढं भोक पडलं होतं. कडेचे फायबरचे धागे विस्कटले होते. मिस्त्रीने कडेवरून बोट फिरवलं. जावयाचं सगळं असंच. कधी खडक आडवा यायचा, कधी नशीब, कधी बायको. त्याची स्वतःची चूक म्हणून कधी नसायचीच.

"तुमच्यासारखा हात कुणाचा नाही म्हणतात, मामा. बघू या आता," जावई म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर गेला.

लेक बाहेर टेम्पोत बसून होती. मांडीवर चार वर्षांची छोटी. लेकीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

"हे काय?"

"दारात सापडली," ती म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

"चहा तरी घेऊन जा."

"नको बाबा. ह्यांना उशीर होईल."

दोनदा ती बॅग घेऊन माहेरी आली होती. दोन्ही वेळा मिस्त्रीने तिची समजूत घातली होती. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून स्वतः नेऊन पोचवली होती. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिली. आपण बापासारखे नाही, चार घरं पलीकडच्या शेजाऱ्यासारखे वागलो, हे मिस्त्रीला आता रोज सलत होतं. तिला तिथून सोडवायचं, एवढंच एक त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने काम काढलं. शेजारच्या शेडमधला रंगारी विडी ओढत दारात येऊन उभा राहिला.

"आज ग्राइंडरचा आवाज नाही तो?"

"कानाला सोसत नाही हल्ली."

मिस्त्रीने विस्कटलेले धागे कात्रीने कापले. मग मेणाचा डबा उघडला आणि फडक्याने भोकाची कड आतून-बाहेरून सावकाश पुसली. एकदा, दोनदा, तीनदा.

"हे कशाला?"

"साच्याला लावतो रोज. काम सुबक होतं."

रंगाऱ्याला रंगापलीकडचं फारसं कळत नव्हतं. पण तोंड मात्र त्याचं मोकळं होतं.

"एक सांगू का, मिस्त्री? राग मानू नका. माझ्या पोरीवर कुणी हात उचलला असता, तर होडीशेजारी त्यालाही आडवा केला असता. आणि तुम्ही इथे बसून त्याच्या होडीला मलमपट्टी करताय!"

"काम आहे. करायचं."

"धन्य आहे तुमची," रंगारी म्हणाला आणि विडी विझवून गेला.

मिस्त्रीने काही मनाला लावून घेतलं नाही. फायबरच्या मॅटचे तुकडे कापले, चिकट रेझिनमध्ये हार्डनर मोजून घातलं, एकावर एक थर दिले, रोलर फिरवून हवेचा बुडबुडा शिल्लक ठेवला नाही. वाळल्यावर पॉलिशपेपरने घासलं. वर रंग मारला. भोक कुठे होतं ते सांगूनही कुणाला पटलं नसतं.

शनिवारी जावई आला. मुठीने ठोकून पाहिलं. टणक आवाज आला.

"वा, मामा! नव्यासारखी!"

"उद्याचा दिवस धक्क्याला नुसती बांधून ठेवा. सोमवारी न्या. आणि पहिल्या खेपेला एकटेच जा. लेकीला, छोटीला बसवू नका, वजन नको."

"बरं."

"किनाऱ्याने घुटमळू नका. तिथे खडक आहेत. सरळ बाहेर खोल पाण्यात काढा. इंजिन पूर्ण वेगात सोडा."

"तुम्ही म्हणाल तसं." जावई हसला. "इतकी काळजी तर माझ्या बापाने पण केली नाही कधी."

त्या रात्री मिस्त्रीला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली. रविवारी तो पोटभर जेवला. शेड झाडली. नातीसाठी लाकडाचं एक बदक करायला घेतलं. हात हलका चालत होता. एका बापाने करायचं ते उशिरा का होईना आपण केलं, असं त्याला वाटत होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. लेक होती. मागे वारा होता आणि इंजिनाची घरघर.

"बाबा, निघाले मी."

"कुठे?"

"पलीकडच्या किनाऱ्याला. मैत्रिणीने खोली बघून ठेवलीय. छोटी आहे बरोबर. हे केस कापायला गेलेत, तासभर तरी येत नाहीत. बसने गेले असते तर स्टँडवरून ओढून आणलं असतं. आणि तुमच्याकडे आले असते तर आधी तिथेच शोधत आले असते."

मिस्त्रीच्या हातातलं बदक खाली पडलं.

"होडीतून?"

"लहानपणी तुम्हीच शिकवलीत की चालवायला." ती हसली. तिचं हसू त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "इतके दिवस धीरच होत नव्हता, बाबा. मग म्हटलं, बाबांच्या हातचं काम आहे, भ्यायचं कशाला? आता बरीच लांब आलेय. किनारा दिसतसुद्धा नाही."

"मागे फिर!" मिस्त्री किंचाळला. "आत्ताच्या आत्ता फिर! ते ठिगळ मी चिकटूच दिलेलं नाही, पोरी! खाली मेण लावलंय! मुद्दाम! तो बुडावा म्हणून..."

"वाऱ्यात काही ऐकू येत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "पोचले की करते फोन."