तपासनिसांची तपासणी

"या डॉक्टर, बसा," तपासनीस पलंगावरून म्हणाले.

डॉक्टर खांद्यावरची बॅग न उतरवता क्षणभर दारातच उभे राहिले. मग त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढली. पायथ्याशी उभी असलेली बायको काही बोलायला गेली, तर तपासनिसांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. ही ऐन वेळी घोळ घालणार, याची त्यांना खात्रीच होती.

उभा जन्म त्यांनी आगगाडीत फुकट्यांना पकडण्यात घालवला होता. आज स्वतःच बिनतिकीट बसले होते. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई बायकोला सांगत होत्या ते त्यांनी झोपेचं सोंग घेऊन ऐकलं होतं. खाणं सुटलं, पडल्यापडल्या धाप लागली, पावलं सुजली, की या कॅन्सरमध्ये आठवडेच उरले समजा. त्यात भ्रम झाला, की दिवस. मग मुलांना बोलावून घ्या.

बोलावून घ्या म्हणे. लेकाची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती.

"जेवण जातं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोटभर." अर्धा टोस्ट उशीखाली होता.

"धाप लागते?"

"छे." पाठीशी तीन उशा होत्या, आणि एका शब्दात काम भागत होतं.

"पावलं बघू?"

"थंडी आहे हो. मोजे राहू द्या."

डॉक्टरांनी मोज्यावरूनच पावलावर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही.

"घरी कोण कोण असतं?"

डोकं तपासतोय लेकाचा, तपासनिसांनी ताडलं. दम घेत, सावकाश उत्तर दिलं. "मी आणि ही. मुलगी सासरी. मुलगा बाहेर शिकतो. त्याला कळवू नका. सगळं टाकून धावत येईल गाढव."

"आला तर आवडणार नाही?"

पोराला एकदा डोळे भरून बघावं, याखेरीज तपासनिसांना आता काहीच नको होतं.

"आवडेल की. पण पास होऊन येऊ दे."

डॉक्टर मान खाली घालून उठले. "तब्येत चांगली आहे तुमची," म्हणाले, आणि बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

गड सर झाला होता. तपासनिसांनी समाधानाने डोळे मिटले. आतून डॉक्टरांचा घोगरा आवाज आला.

"आई, ताईला आजच बोलाव. बाबांनी मला ओळखलं नाही."